उन्हाची आणेवारी



न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला ते साल १८७५, आणि हिंदुस्थान सरकारने हवामानाचे स्वतंत्र खाते निर्माण केले तेही साल १८७५. या दोन घटनांचा परस्परांशी काही कार्यकारणसंबंध नाही. तथापि लोकांनी सार्वजनिक जागी एकत्र येऊन विचार ऐकावा ही प्रथा, आणि आकाशात जे घडते त्याची रोजच्या रोज दप्तरी नोंद व्हावी ही व्यवस्था, या दोहोंना एकाच साली चालना मिळावी हा योगायोग आजच्या विषयास मोठा सोयीचा आहे. कारण आज मला ज्या वस्तूविषयी बोलावयाचे आहे ती गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या गच्च्यांवर, विहिरींच्या काठांवर आणि माळरानांवर येऊन बसली आहे, तिच्यासाठी सरकारी तिजोरीतून आणि लोकांच्या गाठीतून मोठा पैसा खर्च होत आहे, आणि तिच्या कर्तबगारीचा निकाल मात्र कारखान्यात लागत नसून आकाशात लागतो. ती वस्तू म्हणजे सौर पॅनेल.

ज्या विज्ञानशिक्षकांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते फळ्यावर कोणताही आकडा लिहिल्यानंतर तो कोठे, केव्हा आणि कोणत्या परिस्थितीत मोजला गेला हे सांगितल्यावाचून पुढे जात नसत, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. तेव्हा मीही आरंभ एका आकड्यापासूनच करतो.

कोणतेही पॅनेल उलटे करून पाहिले तर त्याच्या पाठीवर एक छापील पत्रक चिकटविलेले आढळते आणि त्यावर त्याची शक्ती वॅटमध्ये दिलेली असते. समजा, ती ५४० वॅट आहे. गिऱ्हाईक पैसे मोजते ते या आकड्याचे, अनुदान मंजूर होते ते या आकड्यावर, आणि बँकेत कर्जाचा अर्ज जातो तोही याच आकड्याच्या आधाराने. हा आकडा खोटा नसतो. पण तो ठरविताना प्रयोगशाळेत पॅनेलच्या प्रत्येक चौरस मीटरवर १००० वॅट इतका प्रकाश पाडतात, त्या प्रकाशाचा वर्णपट सूर्यकिरण वातावरणाच्या दीडपट जाडीतून आल्यावर जसा असेल तसा ठेवतात, आणि आतील सौरघटांचे तापमान २५ अंश सेल्सिअसवर राखतात. आता महाराष्ट्रात या तीन अटी एकाच क्षणी पूर्ण होतील असे ठिकाण आणि अशी वेळ शोधू लागल्यास शोधणाऱ्याचा बराच जन्म त्यात जाईल. कारण आपल्याकडे ज्या वेळी चौरस मीटरला हजार वॅट ऊन पडते त्या वेळी त्या उन्हात पडलेली वस्तू २५ अंशांवर राहत नाही, आणि ज्या वेळी ती २५ अंशांवर असते त्या वेळी ऊन हजार वॅटांच्या जवळपासही नसते. एका कारखान्याचे पॅनेल दुसऱ्याशी ताडून पाहण्यासाठी जगाने मान्य केलेले ते एक कृत्रिम हवामान आहे. ज्या गावात ते पॅनेल उभे राहावयाचे त्या गावचे हवामान त्या आकड्यातून आपापली वजावट करून घेते, आणि ही वजावट गावोगाव निराळी असते. माझ्या आजच्या प्रतिपादनाचे सार एवढेच आहे की, ही वजावट जाणल्याखेरीज सौरविजेचा कोणताही हिशेब खरा नाही, आणि ती जाणून घेण्याची सार्वजनिक व्यवस्था आपण अद्याप पुरती उभारलेली नाही.

वजावटीचे पहिले कलम उष्णतेचे, आणि लोकसमजुतीला सर्वांत मोठा धक्का देणारे तेच आहे. ऊन जितके कडक तितकी वीज अधिक, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. आणि आपल्या दुर्दैवाने सूर्य या दोन गोष्टी निरनिराळ्या पाठवीत नाही. प्रकाशापासून थेट विद्युत्प्रवाह उत्पन्न होऊ शकतो हे फ्रेंच शास्त्रज्ञ एदमों बेकरेल यांनी १८३९ साली पाहिले, आणि सिलिकॉनचा व्यवहारोपयोगी सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झाला. तो त्यावर पडलेल्या प्रकाशशक्तीपैकी सुमारे ६ टक्क्यांचेच विजेत रूपांतर करीत असे. आज बाजारात मिळणारी चांगली पॅनेले वीस टक्क्यांच्या पुढे गेली आहेत. म्हणजे आजही उरलेल्या ऐंशी टक्क्यांपैकी बहुतेक भाग पॅनेललाच तापविण्यात खर्ची पडतो. सिलिकॉन तापला की त्याच्या टोकांमधील विद्युद्दाब उतरतो. प्रवाह किंचित वाढतो खरा, पण त्या वाढीने दाबाची घट भरून येत नाही. परिणामी तापमानाच्या दर अंशामागे शक्ती सुमारे ०.३ ते ०.४५ टक्क्याने कमी होते.

हा अंश दिसावयास क्षुल्लक, पण त्याचा गुणाकार क्षुल्लक नाही. मे महिन्यातील नागपूर किंवा चंद्रपूर घ्या. सावलीतील हवा ४५ अंशांवर गेली आहे, वारा पडला आहे, आणि माथ्यावरच्या उन्हात पॅनेल हवेपेक्षा साधारण तीस अंशांनी अधिक तापले आहे. म्हणजे आतील सिलिकॉन ७५ अंशांवर पोहोचला. प्रयोगशाळेतील पायरीपेक्षा पन्नास अंश वर. अंशामागे ०.४ टक्का धरला तर छापील शक्तीतील पाचवा हिस्सा केवळ उष्णतेने गेला. ऐन दुपारी, निरभ्र आकाशाखाली, काचेवर धुळीचा कण नसतानाही गेला. त्याच नागपुरात डिसेंबरच्या दुपारी हवा २८ अंशांची असते, पॅनेल पंचावन्न-छप्पन अंशांपर्यंत चढते, आणि वजावट बारा टक्क्यांच्या आसपास राहते. मे महिन्याचा दिवस मोठा असल्यामुळे त्याची एकूण बेरीज कमी दिसत नाही, हे खरे. पण पडलेल्या उन्हाच्या मानाने मिळालेल्या विजेचा विचार केला तर वैशाख हा विदर्भातील पॅनेलचा कष्टाचा महिना आहे, आणि आकाश स्वच्छ, ऊन पुरेसे चढलेले, पण हवा अद्याप भाजू न लागलेली असे फाल्गुन-चैत्राचे दिवस हाच आपल्याकडे बहुतेक ठिकाणी खरा सुगीचा काळ आहे.

उष्णतेच्या या कलमात माणसाच्या हातात काहीच नाही, असे मात्र नव्हे. कारखानदार पत्रकावर आणखी एक आकडा देतात, पण तो फार थोडे लोक वाचतात. ऊन ८०० वॅट, हवा २० अंश, आणि वारा सेकंदाला एक मीटर अशा परिस्थितीत मोकळ्या चौकटीवर बसविलेले पॅनेल किती तापते, हे तो सांगतो. सामान्यतः तो ४५ अंशांच्या आसपास असतो. यातील वारा आणि मोकळी चौकट हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. पॅनेलच्या पाठीमागून हवा खेळती राहिली तर ते निवते; लोखंडी पत्र्याला चिकटवून बसविले तर खालचा तापलेला पत्रा आणि वरचे ऊन यांच्या कैचीत सापडते. आपल्याकडील अनेक गृहिणींनी गच्चीवरील वाळवणाची जागा जाऊ नये म्हणून पॅनेलचा सांगाडा पुरुषभर उंचीवर घेण्याचा हट्ट धरला. पापड-कुरडयांच्या काळजीने धरलेला हा हट्ट पॅनेलच्या पाठीला वारा देऊन गेला, आणि शास्त्रदृष्ट्याही योग्य ठरला. फक्त त्या उंचीवर वादळाचा जोर अधिक लागतो, म्हणून पायाचे काम त्या मानाने मजबूत हवे, एवढी त्याला पुस्ती जोडावी लागेल.

दुसरे कलम मेघांचे. मृग नक्षत्र लागले, कोकणपट्टीवर नैर्ऋत्य मोसमी वारे येऊन थडकले, आणि बघता बघता साऱ्या राज्यावर ढगांचे छत पसरले, की सूर्यप्रकाशाचे स्वरूपच पालटते. थेट किरण नाहीसे होतात आणि ढगांतून गाळून, विखरून, चहूकडून येणारा मंद प्रकाश तेवढा उरतो. पॅनेल या विखुरलेल्या प्रकाशावरही वीज निर्माण करते. पावसाळ्यात ते अगदी बंद पडते ही समजूत चुकीची आहे. पण निर्मिती उतरते, आणि चांगलीच उतरते. पुण्याच्या परिसरात एप्रिल-मे महिन्यांत सपाट जमिनीच्या चौरस मीटरवर दिवसाकाठी साडेसहा ते सात युनिटांइतकी सौरऊर्जा पडते. जुलै-ऑगस्टात ती चाराच्या आसपास येते, आणि सलग झडीच्या दिवशी त्याच्याही पुष्कळ खाली जाते.

येथे सह्याद्रीने केलेली वाटणी ध्यानात घेतली पाहिजे. महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि घाट उतरून सुमारे तीस किलोमीटरवर असलेल्या वाईस सातशे-आठशे मिलिमीटर. पावसाच्या या दरीचा उल्लेख भूगोलाच्या प्रत्येक पुस्तकात असतो. पण ती तितकीच प्रकाशाचीही दरी आहे, हे कोणी सांगत नाही. महाबळेश्वरच्या ढगांत चार महिने बुडालेले पॅनेल आणि वाईच्या पूर्वेस उघड्यावर असलेले पॅनेल एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी, एकाच मालमोटारीतून आले असले तरी वर्षाअखेर त्यांचे ताळेबंद एकमेकांशी जुळणार नाहीत. माण, खटाव, आटपाडी, जत हे जे टापू पर्जन्यछायेत असल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तगाई, छावण्या आणि दुष्काळी कामे यांच्या दप्तरात गाजले, त्यांच्याच वाट्याला पावसाळ्यातही पुष्कळसे उघडे आकाश आले आहे. ज्या कारणाने ही भूमी दरिद्री ठरली तेच कारण तिला या नव्या पिकाच्या बाबतीत सधन करू शकते. अर्थात तेथील जमिनींचा मोबदला आणि त्या विजेचा उपभोग तेथील माणसांच्या पदरी पडला तर.

श्रावणातील ऊनपावसाचा खेळ मात्र अभियंत्यांना डोकेदुखीचा असतो. ढगाचा तुकडा सूर्यावरून सरकला की काही क्षणांत निर्मिती कोसळते. तो पुढे गेला की ती उसळून वर येते. एवढेच नव्हे, तर पांढऱ्या ढगाची कड सूर्याच्या अगदी जवळ असताना थेट किरणांत ढगाने परावर्तित केलेल्या प्रकाशाची भर पडते, आणि काही क्षण पॅनेलवरील ऊन निरभ्र दिवसापेक्षाही, प्रसंगी हजार वॅटांपेक्षाही अधिक होते. म्हणजे वर्षातील क्षणिक उच्चांक चैत्रात न सापडता वर्षाऋतूत सापडू शकतो. एका घराच्या गच्चीला या चढउताराचे काही वाटत नाही. पण शेकडो एकरांवरील प्रकल्प जेव्हा असा हेलकावे खातो तेव्हा विजेच्या जाळ्याचा तोल सांभाळणाऱ्यांना दुसरीकडून तितकीच वीज हाताशी ठेवावी लागते.

मेघांच्या जोडीला सूर्याच्या मार्गाचाही विचार करावा लागतो. महाराष्ट्र सुमारे सोळा ते बावीस अक्षांशांत पसरलेला असल्यामुळे आपण पॅनेले दक्षिणेकडे तोंड करून, थोडी कलती बसवितो, आणि वर्षाचा बहुतेक काळ ते योग्यच असते. परंतु पुण्यात मे महिन्याच्या मध्यास शून्य सावलीचा दिवस येतो आणि तेथून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेस असतो. त्या अवधीत दक्षिणाभिमुख पॅनेलवर किरण अधिक तिरपे पडतात. उलट मार्गशीर्ष-पौषात सूर्य दक्षिणेस खाली उतरतो, आणि तेव्हा याच कलतेपणामुळे हिवाळ्याची निर्मिती सावरून धरली जाते. कल किती द्यावा याचा निर्णय अक्षांश पाहून करावा, असे पुस्तकात लिहिलेले असते. पण जेथे जून ते सप्टेंबर आकाश झाकलेले असते तेथे उरलेल्या आठ महिन्यांच्या सूर्याला अधिक वजन द्यावे, हा निर्णय पुस्तक देत नाही, त्या गावचे आकाशच देते.

तिसरे कलम धुळीचे. हे प्रत्येक परगण्यात निराळ्या रंगाचे असते: मराठवाड्यात काळ्या मातीची उडती भुकटी, कोल्हापूर-सांगलीकडे गळीत हंगामात जाळलेल्या पाचटाची राख, शहरांच्या सीमेवर वीटभट्ट्यांचा आणि खडीच्या यंत्रांचा गर्दा, चंद्रपूर-कोराडीच्या बाजूस औष्णिक केंद्रांच्या राखेचे सूक्ष्म कण. कधी ही धूळ फार दूरचीही असते. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानकडून निघालेले धुळीचे वादळ अरबी समुद्र ओलांडून मुंबईपर्यंत आले आणि भरदिवसा सूर्य फिकट दिसू लागला, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल. अशी धूळ दोनदा वजावट करते: हवेत असताना प्रकाश अडविते, आणि खाली बसली की काचेवर आवरण घालते. गुजरातेत गांधीनगरच्या आयआयटीत झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही आठवडे न पुसलेली पॅनेले स्वच्छ करताच त्यांची कार्यक्षमता जवळजवळ निम्म्याने वाढल्याचे आढळले. आणि मोटारी, चुली व कारखाने यांतून निघणारे कण वजनाने थोडे असले तरी प्रकाश अडविण्यात मातीच्या कणांपेक्षा कितीतरी अधिक वस्ताद असतात, असेही दिसून आले.

धुळीचे पाण्याशी असलेले नाते सरळ नाही. मुसळधार पाऊस काच धुऊन काढतो. म्हणूनच पावसाळा ओसरल्यावर, धुतलेले आकाश आणि धुतलेली काच एकाच वेळी लाभल्यामुळे, आश्विनातील निर्मिती डोळ्यांत भरते. पण अवकाळीचा शिडकावा धूळ वाहून न नेता तिचे ठिपके करून ठेवतो, आणि हिवाळ्यातील दव तर रात्री धुळीला भिजवून सकाळच्या उन्हात तिचा लेप वाळवितो; असा रोज एक पापुद्रा चढत गेला की तो नुसत्या फुंकरीने किंवा वाऱ्याने निघत नाही. पॅनेल अगदी सपाट बसविले तर खालच्या कडेशी गाळ साचून राहतो, म्हणून निदान दहा अंशांचा कल असावा. धुण्याची वेळ पहाटेची किंवा सूर्यास्तानंतरची. भर दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतणे म्हणजे काच तडकण्यास निमंत्रण देणे होय. आणि ज्या गावी कूपनलिकेचे पाणी जड आहे तेथे धुतल्यानंतर काच पुसून कोरडी केली नाही, तर क्षारांचा पांढरा थर धुळीपेक्षा चिवट ठरतो.

धुळीपेक्षाही लहान दिसणारी आणि अधिक घातक अशी गोष्ट म्हणजे एखाद्याच भागावर पडलेली सावली किंवा पक्ष्याची विष्ठा. पॅनेलमधील घट एकामागून एक असे साखळीने जोडलेले असतात आणि साऱ्यांतून एकच प्रवाह वाहतो. शेताच्या पाटात मध्येच कोणी ढेकळांचा बांध घातला तर पुढच्या साऱ्या वाफ्यांचे पाणी तुटते, मग विहिरीला पाणी कितीही असो; तद्वत एक घट झाकला गेला की त्याच्या ओळीतील सर्वांचा प्रवाह अडतो. शिवाय बाकीच्यांनी निर्माण केलेली शक्ती त्या झाकलेल्या घटात उष्णतेच्या रूपाने जिरू लागते आणि तेथे भाजल्यासारखा डाग पडतो. असा घट वगळून प्रवाहाला आडवाट देणारे डायोड पॅनेलच्या मागील पेटीत बसविलेले असतात. त्यामुळे पॅनेल वाचते, पण त्या ओळीची वीज जाते. पाण्याची टाकी, शेजारचा नारळ, कठड्याची सावली यांचा विचार बसविण्यापूर्वी, आणि तोही डिसेंबरातील लांब सावल्यांच्या हिशेबाने, करावा तो यासाठी.

आतापर्यंतची कलमे दैनंदिन वजावटीची झाली. काही कलमे भांडवलालाच हात घालणारी असतात. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोमंतक येथील खारी, दमट हवा चौकटीचे लोखंड आणि जोडाच्या पेट्या कुरतडते. ओलावा, उष्णता आणि उच्च विद्युद्दाब यांच्या एकत्र परिणामाने घटांची शक्ती झिरपून जाण्याचाही एक विकार संभवतो. तेथे जस्ताचा चांगला मुलामा दिलेले सांगाडे आणि खाऱ्या फवाऱ्याच्या कसोटीस उतरलेली पॅनेले घेणे ही चैन नव्हे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा ताशी शंभर किलोमीटरपेक्षा अधिक वेगाचा वारा कोकणाने अनुभवला. तिरपे उभे असलेले पॅनेल अशा वाऱ्यात शिडाचे गुण दाखविते, हे बसविणाऱ्याने विसरता कामा नये. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रात दिवसेंदिवस गारा कोसळल्या. पॅनेलच्या आंतरराष्ट्रीय कसोटीत २५ मिलिमीटर व्यासाचा बर्फाचा गोळा सेकंदाला २३ मीटर वेगाने काचेवर मारतात. लिंबाएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गारांबद्दल ती कसोटी काही हमी देत नाही. आणि वळवाच्या विजांचे भय ज्या मराठवाड्यात व विदर्भात नित्याचे आहे तेथे भूसंपर्कन आणि लाट शोषून घेणारी उपकरणे यांत काटकसर करणे म्हणजे चार पैसे वाचवून इन्व्हर्टर गमावणे होय.

आता हा सारा हिशेब माणसांच्या व्यवहारात कसा उतरतो ते पाहू. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प २०१३ साली उभा राहिला. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली जाहीर झाली आणि राळेगणसिद्धीची निवड तिच्या आरंभीच्या ठिकाणांत झाली. सौर कृषिपंप तर आता सर्वत्र दिसू लागले आहेत. शेतीच्या दृष्टीने निसर्गाने एक अनुकूलता करून ठेवली आहे: पाण्याची गरज रब्बीत आणि उन्हाळ्यात असते, आणि ऊनही तेव्हाच असते; खरिपात ढग असतात तेव्हा पंपाची फारशी निकड नसते. परंतु पावसाने ओढ दिली, पिके माना टाकू लागली आणि आकाश मात्र कोरड्या ढगांनी झाकलेलेच राहिले, अशी जी विपरीत स्थिती आपल्या शेतकऱ्याच्या पूर्ण परिचयाची आहे, तिच्यात ही अनुकूलता कोलमडते. शिवाय प्रकाश निम्मा झाला म्हणजे पाणी निम्मे येते, असे नाही. खोल विहिरीतून पाणी उचलावयास ठराविक किमान जोर लागतो. त्याच्या खाली पंप फिरत राहतो आणि पाणी मात्र वर येत नाही. पाच अश्वशक्तीचा पंप म्हणून जो कागदावर मंजूर होतो तो ढगाळ सकाळी किती अश्वशक्तीचा असतो, हा प्रश्न शेतकरी विचारतो तेव्हा त्याला तक्रारखोर म्हणू नये. तो मंजुरीच्या कागदापेक्षा अचूक प्रश्न विचारीत असतो.

शहरांतील घरमालकाचा हिशेब युनिटांचा असतो. एक किलोवॅटची पॅनेले दिवसाला सरासरी चार युनिटे देतात, असा ठोकताळा विक्रेते सांगतात आणि वर्षाच्या बेरजेपुरता तो ठीकही आहे. पण सरासरी ही अशी गोष्ट आहे की ती वर्षातील फार थोड्या दिवशी प्रत्यक्षात उतरते. फाल्गुनात पाच मिळाली म्हणून हुरळलेला आणि आषाढात दोन मिळाली म्हणून फसवणूक झाली असे समजणारा, असे दोघेही ऋतूंना विसरलेले असतात. नेट मीटरच्या पद्धतीत जास्तीची युनिटे खात्यावर पुढे ओढली जातात आणि ३१ मार्चला वर्षाचा हिशेब मिटतो. सरकारी साल पहिल्या एप्रिलला सुरू होत असल्यामुळे उन्हाळ्याची शिल्लक आधी जमते आणि पावसाळ्यात खर्ची पडते, ही सोय कोणी जाणूनबुजून केली नसली तरी आपल्या ऋतुमानाला साजेशी आहे. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी २०२४ साली राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाली. ती सह्याद्रीच्या पावसाळी पट्ट्यातील वाडी आहे, आणि म्हणून तिचा बारा महिन्यांचा ताळेबंद हा तशाच शेकडो डोंगरी गावांना कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक शिकवून जाईल.

हा ताळेबंद मांडावयाचा तर ऊन मोजले पाहिजे. उन्हाचे मोजमाप ही नवी कल्पना नाही. काचेचा भरीव गोळा उन्हात ठेवावा, त्यातून एकवटलेल्या किरणांनी मागील पुठ्ठ्याच्या पट्टीवर जळकी रेघ उमटावी, आणि रेघेच्या लांबीवरून दिवसभरात किती तास ऊन पडले ते वाचावे, असे उपकरण एकोणिसाव्या शतकात कॅम्बेल आणि स्टोक्स यांनी सिद्ध केले आणि वेधशाळांच्या अंगणांतून ते पुढे दीर्घकाळ चालत राहिले. पण ते उन्हाचे तास सांगते, उन्हाची मात्रा सांगत नाही. ती मात्रा भारतभर मोजण्याचे जाळे १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने उभारले गेले, आणि त्या कामाचा भार ज्यांनी वाहिला त्या ॲना मणी यांचे नाव महाराष्ट्राने, विशेषतः पुण्याने, कृतज्ञतेने घ्यावयास हवे. त्रावणकोरात १९१८ साली जन्मलेल्या, बंगळुरात चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या हाताखाली हिरे आणि माणके यांच्या प्रकाशगुणांवर संशोधन केलेल्या या विदुषी, इंग्लंडात हवामानयंत्रांचा अभ्यास करून १९४८ साली पुण्याच्या हवामानखात्यात रुजू झाल्या. सिमल्याहून १९२८ साली पुण्यास आलेल्या त्या कचेरीला पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात. परदेशातून आणवावी लागणारी सुमारे शंभर यंत्रे त्यांनी आराखड्यांसह येथेच प्रमाणित करून घेतली. भारतातील सौर प्रारणाच्या आकडेवारीचा त्यांचा ग्रंथ १९८० साली निघाला, आणि त्यात मुंबई, पुणे, नागपूर व गोवा यांच्या उन्हाचे महिनावार कोष्टक मिळते. सौरविजेचा बाजार जेव्हा जन्मालाही आला नव्हता तेव्हा त्या बाजाराची वजनमापे या बाईंनी तयार करून ठेवली होती.

आज उपग्रहांच्या छायाचित्रांवरून कोणत्याही गावच्या उन्हाचा अदमास घरबसल्या काढता येतो आणि मोठे प्रकल्प त्यावरच आखले जातात. हा अदमास उपयुक्त आहे. पण तो वरून पाहिलेला अदमास आहे. ढग त्याला दिसतो. नदीकाठचे सकाळचे धुके, वीटभट्टीचा धूर, पॅनेलवर वाळलेला दवाचा लेप आणि पत्र्याखाली कोंडलेली उष्णता त्याला पुरती दिसत नाही. आपल्या महसूल खात्याला हे तत्त्व फार पूर्वीच उमगलेले आहे. पीक किती आले हे जिल्ह्याच्या ठिकाणी बसून ठरवता येत नाही म्हणून गावोगावची आणेवारी काढण्याची पद्धत पडली. नजर आणेवारी आधी, सुधारित मागाहून, आणि पीक कापून केलेली अंतिम शेवटी. पाऊस तालुक्याच्या कचेरीत मोजला जाऊ लागला, पुढे मंडळापर्यंत पोहोचला. पावसाच्या एका मिलिमीटरवरून विम्याचे दावे आणि दुष्काळाच्या घोषणा ठरतात हे आपण पाहतो. मग ज्या उन्हावर आता शेतीचे पाणी, घराचे बिल आणि बँकेचे हप्ते अवलंबून राहू लागले आहेत, त्याची नोंद तालुक्याच्या दप्तरात का नसावी?

यासाठी नवे खाते नको, नवी इमारत नको. ज्या तहसील कचेऱ्यांवर, शाळांवर आणि ग्रामपंचायतींवर पॅनेले बसली आहेत तेथे ऊन मोजणारे एक साधे यंत्र आणि पॅनेलच्या पाठीला लावलेला एक तापमापक पुरे आहे. निर्मितीचा आकडा तर इन्व्हर्टर आपण होऊन लिहीतच असतो. फक्त तो मालकाच्या फोनात किंवा कारखानदाराच्या संगणकात पडून राहतो, लोकांच्या दप्तरात येत नाही. ऊन किती पडले, पॅनेल किती तापले, काच केव्हा धुतली, वीज किती मिळाली, या चार रकान्यांची वही तीन वर्षे नेटाने ठेवली गेली तर त्या तालुक्यातील कोणालाही पॅनेल घेताना छापील पत्रकावर विसंबावे लागणार नाही. कोणत्या महिन्यात किती मिळेल, किती दिवसांनी धुणे परवडते, उंच सांगाड्याचा खर्च भरून निघतो की नाही, हे तो शेजारच्या शाळेच्या फलकावर वाचू शकेल. विक्रेत्याला फुगविलेले आश्वासन देता येणार नाही, आणि प्रामाणिक विक्रेत्यावर आषाढात नाहक ठपका येणार नाही. उष्णतेची वजावट विदर्भात, ढगांची कोकणात, धुळीची मराठवाड्यात, अशी प्रत्येक प्रांताची आपापली आणेवारी एकदा हाती आली म्हणजे अनुदानाचे नियम आणि पंपांच्या मंजुऱ्याही साऱ्या राज्याला एकाच मापाने न देता त्या त्या आकाशाप्रमाणे ठरविता येतील.

श्रोतेहो, या संस्थेच्या गच्चीवरही पॅनेले आहेत, हे मी जिना चढताना पाहिले. संस्थेच्या चालकांना माझी विनंती अशी की, मला द्यावयाच्या मानधनातून त्यांनी ते ऊन मोजण्याचे यंत्र घ्यावे, वही येत्या सोमवारी घालावी, रोजची नोंद शाळेच्या मुलांकडून करवून घ्यावी, आणि पुढील वर्षी या जागी जो कोणी वक्ता उभा राहील त्याच्या हाती ती देऊन माझ्या आजच्या विधानांपैकी कोणती या गावच्या उन्हात टिकली आणि कोणती नाही, हे त्याला सभेपुढे वाचून दाखविण्यास सांगावे.